ड्रॉपशिपिंग करायचंय? आधी शंभर ऑर्डरींचा हिशेब मांडा

'माल भरायचा नाही, गोदाम नको, भांडवल नको, मोबाइल आणि इंटरनेट पुरे.' अशा जाहिराती पाहून ड्रॉपशिपिंगबद्दल विचारणाऱ्या वाचकांची संख्या वाढते आहे. विचारणाऱ्यांत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी असतात, घर सांभाळून काही करू पाहणाऱ्या गृहिणी असतात, नोकरीला कंटाळलेले तिशीतले इंजिनिअरही असतात. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच असतात. किती पैसे लागतील? महिन्याला किती सुटतील? नोकरी सोडू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नको, सोडू नका. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच काढायची आहेत. ती कशी काढायची, ते पुढे सांगतो.

पद्धत तशी सोपी आहे. तुम्ही वेबसाइटवर किंवा इन्स्टाग्रामवर दुकान मांडता. गिऱ्हाईक तुमच्याकडे ऑर्डर देतं. तुम्ही ती ऑर्डर सुरत, दिल्ली, राजकोट नाहीतर उल्हासनगरच्या सप्लायरकडे पाठवता आणि तो तुमच्या वतीने थेट गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर माल रवाना करतो. मधला फरक तुमचा. माल तुमच्या घरी येत नाही, हे खरंच आहे. पण 'माल येत नाही' याचा अर्थ 'खर्च येत नाही' असा लावला, की गणित चुकायला लागतं.

कागदावरचा नफा आणि हातातला नफा

उदाहरणासाठी रेक्झिनची एक लेडीज पर्स घेऊ. आकडे मानीव आहेत. तुमच्या वस्तूचे तुम्ही घाला. विक्री किंमत ६९९ रुपये, त्यातला १८ टक्के जीएसटी वजा केला की तुमचे ५९२. सप्लायरचा दर जीएसटी सोडून २२० रुपये, कुरियर ९०. व्हिडिओत दाखवतात तो हिशेब असा: ६९९ उणे २२० उणे ९०, म्हणजे पर्समागे ३८९ रुपये, आणि शंभर पर्समागे जवळजवळ ३९ हजार. ऐकायला बरं वाटतं.

आता याच शंभर ऑर्डरी प्रत्यक्षात कशा उतरतात ते पाहा. सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे सीओडी धरल्या आहेत आणि कुरियर व जाहिरातीवरचा जीएसटी क्रेडिटमध्ये वळता होतो असं मानलं आहे.

- जाहिरात: एका ऑर्डरीमागे १४० रुपये. शंभर ऑर्डरींचे १४,०००.
- फोन करून खात्री केल्यावर १५ ऑर्डरी गळाल्या. नंबर चुकीचा, 'मुलाने दाबलं', 'आता नको'. पाठवल्या ८५.
- कुरियर ९० आणि पॅकिंग १५ धरून ८५ पार्सलांचे ८,९२५.
- २३ पार्सलं कोणी घेतली नाहीत, परत आली. परतीचं भाडं ७० रुपयांप्रमाणे १,६१०.
- पोचलेल्या ६२ पैकी ४ तक्रारीमुळे परत घ्यावी लागली. ती उचलून आणायचे ३२०, शिवाय पैसे परत. खरी विक्री उरली ५८.
- ५८ पर्सची खरेदी १२,७६०.
- परत आलेल्या २७ पैकी ७ खराब झाल्या म्हणून सप्लायरने घेतल्या नाहीत. त्यांचे १,५४०.

एकूण खर्च ३९,१५५. जमा ५८ गुणिले ५९२, म्हणजे ३४,३३६. तोटा ४,८१९ रुपये.

या हिशेबात कोणी फसवलं नाही, वस्तू वाईट नव्हती, जाहिरातही चालली. शंभर ऑर्डरी येणं हे यशच आहे, तरी पदरचे पैसे गेले.

हाच हिशेब नफ्याकडे वळतो तो वेगळ्याच ठिकाणी. समजा तुम्ही निम्म्या लोकांना आधी पैसे भरायला राजी केलंत, ९० पार्सलं पाठवलीत, फक्त ८ परत आली, तक्रारीची ४ आणि खराब ३. मग विक्री ७८ पर्सची, जमा ४६,१७६, खर्च ४२,१५०. सुटले ४,०२६ रुपये, म्हणजे ऑर्डरीमागे चाळीस. यातून अजून वेबसाइटचं मासिक भाडं, पेमेंट गेटवेचं कमिशन आणि सीएची फी जायची आहे. ड्रॉपशिपिंगमध्ये कमाई विक्रीच्या आकड्यावर ठरत नाही. पार्सल परत किती येतं, यावर ठरते.

म्हणून कोणी मोबाइलवर 'आजची विक्री ८० हजार' असा स्क्रीनशॉट दाखवला, की एकच विचारा: यातली पोचली किती? दुकानाचं सॉफ्टवेअर सीओडीची ऑर्डर पडताक्षणी ती विक्रीत मोजतं. फेसबुक-इन्स्टाग्रामचं जाहिरातींचं पानसुद्धा तिला खरेदीच समजतं. गिऱ्हाइकाने दारातून पार्सल परत पाठवलं, ही बातमी त्या पानापर्यंत आपोआप पोचत नाही.

'बिनभांडवली' धंद्याला लागणारं भांडवल

वरच्याच उदाहरणात ८५ पर्सचे पैसे बहुतेक सप्लायर आगाऊ घेतील: जीएसटीसकट सुमारे २२ हजार. जाहिरातीचे १८ टक्के धरून साडेसोळा हजार, तेही आधीच. कुरियर आणि पॅकिंगचे जीएसटीसकट साडेदहा हजार. म्हणजे गिऱ्हाइकाचा एक रुपयाही हातात येण्यापूर्वी ४९ हजारांच्या आसपास रक्कम बाहेर पडलेली असते. सीओडीचे पैसे कुरियर कंपनी पार्सल पोचल्यानंतर काही दिवसांनी, ठरलेल्या वारी जमा करते. पेमेंट गेटवेचे पैसेही कामकाजाचे एक-दोन दिवस घेतात. ऑर्डरी वाढल्या की ही अडकणारी रक्कमही त्याच प्रमाणात वाढते. धंदा बरा चाललेला असताना पैसे संपतात, ते इथेच.

सुरुवातीला किती लावायचे? माझ्या मते, सगळे बुडाले तरी घरातला किराणा, फी आणि हप्ते अडणार नाहीत एवढेच. तो आकडा आधी वहीत लिहा. क्रेडिट कार्डावर जाहिराती चालवू नका. 'अजून पाच हजार टाकले की कॅम्पेन जमेल' हा मोह रात्री अकराला होतो, तेव्हा वहीतला आकडा उपयोगी पडतो.

सप्लायर पारखून घ्या

गिऱ्हाइकाला नाव तुमचं दिसतं, पण अनुभव सप्लायरच्या हातात असतो. इंडियामार्टवर किंवा ड्रॉपशिपिंगच्या ॲपवर सुंदर फोटो पाहून ठरवू नका. आपल्या आवाक्यातला बाजार प्रत्यक्ष पाहता आला तर उत्तम: मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, मनीष मार्केट, मंगलदास मार्केट, पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळी. तिथे दोन दिवस हिंडलात तर ॲपवरचा 'होलसेल' दर खरा किती होलसेल आहे, हे कळेल.

व्यवहार ठरण्याआधी एवढं करा:

- सप्लायरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहा. नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे तिथे फुकट दिसतं.
- पूर्ण पैसे भरून किमान दोन पार्सलं मागवा. एक स्वतःकडे, दुसरं लांबच्या तालुक्यातल्या नातेवाइकांकडे. किती दिवस लागले, खोका कसा पोचला, याची नोंद ठेवा.
- खराब माल, चुकीचा रंग, परत आलेलं पार्सल यांचा भार कोणावर, हे व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी घ्या. 'होऊन जाईल साहेब' हे उत्तर चालत नाही.
- माल संपला तर तुम्हाला किती तासांत कळवणार, हे विचारा. संपलेल्या मालावर तुमची जाहिरात चालू राहिली तर पैसे तुमचे जातात.
- पार्सलात त्याचं बिल जाणार नाही याची खात्री करा. ६९९ देऊन घेतलेली पर्स उघडताना आतून २२० रुपयांचं बिल पडलं, तर त्या बाईंना काय सांगणार?

खोक्याचं मापही विचारून घ्या. बहुतेक कुरियर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात, आणि ते उत्तर व प्रत्यक्ष वजन यातलं जे जास्त त्यावर भाडं लावतात. पर्स ६०० ग्रॅमची असेल. पण ती ३० बाय २५ बाय १५ च्या खोक्यात घातली तर कुरियरच्या लेखी ती सव्वादोन किलोची होते. सप्लायरला खोक्याची फिकीर नसते. भाडं तुम्ही देता.

सीओडी: बंद करता येत नाही, पण आवरता येते

आपल्याकडे अनोळखी दुकानाला आधी पैसे द्यायला लोक कचरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यामुळे नव्या दुकानाला सीओडी पूर्ण टाळणं अवघड. पण ऑर्डर रात्री साडेअकराला अंथरुणात पडून होते आणि पार्सल दाराशी येतं चार-पाच दिवसांनी दुपारी. मधे हौस ओसरलेली असते, घरात पैसे नसतात, किंवा दार उघडणाऱ्या सासऱ्यांना काही माहीतच नसतं. कुरियरवाले अशा परतीला 'आरटीओ' म्हणतात. गाड्यांच्या कार्यालयाशी त्याचा संबंध नाही.

ती परत येणारी पार्सलं कमी करायचे मार्ग:

- प्रत्येक सीओडी ऑर्डरीला त्याच दिवशी फोन. नाव, वस्तू, रक्कम, पोचण्याचा दिवस बोलून घ्या. फोन न उचलणाऱ्याला पार्सल नाही, हा नियम कडक पाळा.
- ५० ते १०० रुपये आगाऊ घ्या, बाकी दारात. ऑर्डरी कमी होतील. होऊ द्या. गळतील त्या बहुतेक परत येणाऱ्याच असतात.
- आधी पूर्ण पैसे भरणाऱ्याला थोडी सवलत द्या. परतीच्या भाड्यापेक्षा ती स्वस्त पडते.
- खेड्यातल्या पत्त्यात खूण विचारा. 'मु. पो. अमुक, ता. तमुक' एवढ्यावर पार्सल पोचत नाही. 'मारुती मंदिरामागे, दूध डेअरीशेजारी' लागतं.
- डिलिव्हरी फसल्याचा संदेश आला की त्याच दिवशी गिऱ्हाइकाला गाठा. दोन-तीन प्रयत्नांनंतर पार्सल मागे फिरतं. 'घरी कोणी नव्हतं' असा शेरा असेल, तर तो खरा आहे की नाही हेही विचारा.

यावरून वेळेचा अंदाज आला असेल. दिवसाला दहा ऑर्डरी येत असतील तर दीड-दोन तास फोनवर जातात. झोपेत पैसे मिळतात, असं सांगणाऱ्याने हे फोन कोण करतं ते सांगितलेलं नसतं.

जीएसटीची ४० लाखांची मर्यादा: सर्वांत मोठा गैरसमज

'उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, मग जीएसटी कशाला?' ही मर्यादा महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी आहे खरी, पण तुम्ही राज्याबाहेर माल विकलात की ती तुम्हाला लागू होत नाही. इंदूरच्या एका गिऱ्हाइकाला एक पर्स विकली तरी नोंदणी सक्तीची. ऑनलाइन दुकानाला राज्याची वेस नसते, त्यामुळे व्यवहारात बहुतेकांना पहिल्या दिवसापासून नोंदणी लागते.

दोन अपवाद लक्षात ठेवा. स्वतःच्या वेबसाइटवरून फक्त महाराष्ट्रातच माल विकत असाल तर मर्यादेपर्यंत नोंदणी नको. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून, मर्यादेच्या आतले छोटे विक्रेते ॲमेझॉन-मीशोसारख्या मंचावरूनही केवळ राज्यांतर्गत विक्री करत असतील, तर पूर्ण नोंदणीऐवजी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन काम भागवू शकतात. पण मग सप्लायर, कुरियर आणि जाहिरात यांवर भरलेला जीएसटी वळता करून मिळत नाही. वरच्या उदाहरणात तो न मिळता तर तोटा आणखी फुगला असता.

काही सुट्या गोष्टी:

- जीएसटी नोंदणीला सरकारी शुल्क नाही. उद्यम नोंदणीही फुकट आहे. हजारो रुपये मागणारी 'सरकारी' दिसणारी संकेतस्थळं दलालांची असतात.
- एक टक्क्याची कंपोझिशन योजना तुमच्या कामाची नाही. तिच्यात राज्याबाहेर विक्री करता येत नाही.
- बिलं दोन बनतात. सप्लायरचं तुमच्या नावे, तुमचं गिऱ्हाइकाच्या नावे. माल परस्पर गेला तरी कायद्याने तो आधी तुम्हाला मिळाला असंच धरतात. सप्लायर पक्कं बिल देत नसेल तर क्रेडिट विसरा.
- विवरणपत्र शून्य विक्रीचं असलं तरी भरावं लागतं. उशीर झाला तर रोज २० रुपये दंड चढतो. दिसायला किरकोळ, पण वर्षभर विसरलात तर नाही.
- मंचावर विकत असाल तर तुमच्या रकमेतून अर्धा टक्का जीएसटीचा टीसीएस आणि ०.१ टक्का आयकराचा टीडीएस कापला जातो. तो खर्च नव्हे. विवरणपत्रात परत मागता येतो. अनेक जण मागतच नाहीत.
- चालू खातं उघडायला बँक बहुधा शॉप ॲक्टची पावती मागते. मुंबईकर तिला गुमास्ता म्हणतात. कामावर माणसं थोडी असतील तर ऑनलाइन सूचना दिली की काम होतं.

धंद्याचे पैसे बचत खात्यात घेऊ नका. आणि 'तुझ्या खात्यातून आमचे व्यवहार फिरव, टक्का देतो' असं कोणी म्हणालं, तर त्या माणसाचा नंबर तिथेच बंद करा. फसवणुकीचा पैसा तुमच्या खात्यातून गेला की खातं गोठतं आणि चौकशी तुमची होते.

माल सप्लायरचा, जबाबदारी तुमची

'मी फक्त मधला आहे' हा बचाव गिऱ्हाइकापुढे चालत नाही आणि ग्राहक आयोगापुढेही नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम नियमित धंदा करणाऱ्या छोट्या दुकानालाही लागतात. त्यातलं तुमच्या रोजच्या उपयोगाचं एवढं:

- माल सदोष, बनावट, जाहिरातीत दाखवला तसा नसलेला किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेला असेल तर परत घ्यायला, पैसे द्यायला नकार देता येत नाही. 'नो रिटर्न, नो रिफंड' असं वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लिहून यातून सुटका होत नाही.
- दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण करणाऱ्याचं नाव दिसलं पाहिजे. एकट्याचा धंदा असेल तर ते नाव तुमचंच. तक्रारीची पोच ४८ तासांत, निपटारा महिन्याभरात.
- एकूण किंमत सर्व आकारांसह, आणि माल कोणत्या देशात बनला, हे लिहायला हवं. पाकीटबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीही.
- स्वतःच ग्राहक बनून पाच तारे देण्याला मनाई आहे. भावाच्या, मैत्रिणीच्या नावाने लिहिलेलं 'सुपर क्वालिटी'ही त्यातच येतं.

फोटोंचंही तेच. दुसऱ्या दुकानाचे फोटो उचलू नका. दोन नमुने मागवलेच आहेत, तर खिडकीजवळच्या उजेडात स्वतः काढा. रंग खरा दिसेल आणि 'फोटोत वेगळी होती' ही तक्रार निम्म्यावर येईल.

यांच्या वाटेला जाऊ नका

- 'फर्स्ट कॉपी' घड्याळं, बूट, बॅगा. बनावट ट्रेडमार्कचा माल विकणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. सप्लायर बिनधास्त विकतो आहे, याने तुम्ही सुटत नाही.
- वजन उतरवणारी, उंची वाढवणारी, मधुमेह घालवणारी औषधं आणि चहा. अशा दाव्यांच्या जाहिरातीवर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे.
- बीआयएसचं चिन्ह नसलेली खेळणी. १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. पॉवर बँक, चार्जर यांनाही नोंदणी लागते.
- एफएसएसएआय परवान्याशिवाय खाद्यपदार्थ. आत्याच्या हातचं लोणचं कितीही चांगलं असलं तरी.
- काच, चिनी माती आणि मापाला काटेकोर कपडे, निदान सुरुवातीला. पहिल्या दोन वस्तू फुटतात, तिसरी बसत नाही म्हणून परत येते.

आणि ज्या वस्तूचा फोटो मोबाइलच्या कॅमेऱ्याने शोधला की मीशोवर तीच निम्म्या दरात दिसते, तीही नको. मीशो २०१५ साली सुरू झालं, त्या काळात व्हॉट्सॲपवर फोटो टाकून आपला फरक लावून विकणाऱ्या हजारो बायांवर ते वाढलं. आपल्याकडच्या कित्येक घरांत पहिली ऑनलाइन कमाई त्यातूनच आली. मग तेच ॲप गिऱ्हाइकांच्या हातात गेलं, मूळ दर त्यांना दिसू लागला आणि मधल्या फरकाला जागा उरली नाही. तुमच्या पर्सचंही तेच होऊ शकतं.

परदेशी माल, परदेशी गिऱ्हाईक

यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ चीनमधून थेट भारतीय गिऱ्हाइकाकडे माल पाठवायला शिकवतात. अलिएक्सप्रेस ॲपवर नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली. 'भेटवस्तू' म्हणून पार्सल सोडवायची पळवाट त्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. आता रीतसर आयातच करावी लागते. त्यासाठी आयात-निर्यात कोड, सीमाशुल्क आणि आयजीएसटी लागतो. एकेका पर्ससाठी हा खटाटोप परवडत नाही.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला माल पाठवायचं स्वप्नही जरा तपासून घ्या. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला तिथे असलेली शुल्कमाफी चीनसाठी मे २०२५ मध्ये आणि सगळ्याच देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ ला संपली. त्याआधीचे सगळे नफ्याचे तक्ते आता रद्दी समजा.

कोर्सवाल्यांना पैसे देण्यापूर्वी

शिकण्यात गैर काही नाही. पण जो महिन्याला लाखो कमावतो असं सांगतो, त्याची कमाई पर्स विकून होते की कोर्स विकून, हे पाहा. त्याच्या दुकानाचं नाव विचारा आणि तिथून एक वस्तू मागवा. नाव सांगत नसेल तर उत्तर मिळालं. 'आज रात्री बारापर्यंतच सवलत' याला भुलू नका, उद्याही असते. शुल्कासाठी ईएमआयवर सही करू नका, कारण कोर्स फसला तरी हप्ता थांबत नाही.

पैसे देऊन बसला असाल आणि कबूल केलेलं मिळालं नसेल, तर:

- जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पावती, झूमवर दिलेली आश्वासनं, चॅट जपून ठेवा. आधी ईमेलने लेखी मागणी करा.
- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
- मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. 'तुम्ही धंद्यासाठी कोर्स घेतला, मग ग्राहक कसे?' असं समोरचा म्हणेल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा कायद्याने ग्राहकाचीच धरली आहे.
- सरळ पैसे लुबाडून नंबर बंद झाला असेल, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. तिथे तासाला किंमत आहे.

मग करायचं की नाही?

ज्यांना वस्तूची जाण आहे त्यांनी जरूर करून पाहावं. शिवणकाम येणाऱ्या बाईंना कापड कळतं, सायकलवेड्याला सायकलचे सुटे भाग कळतात, बागकाम करणाऱ्याला कुंडी आणि खत. गिऱ्हाइकाच्या फोनला खरं उत्तर देता येणं, हीच तुमची मधल्या फरकावरची हक्काची जागा. 'ट्रेंडिंग प्रॉडक्ट' शोधून देणाऱ्या ॲपवर ती मिळत नाही. तेच ॲप आणखी कित्येकांच्या मोबाइलवर आहे.

सुरुवात एकाच वस्तूने करा. वेबसाइटवर खर्च करण्याआधी ओळखीच्या गटात, सोसायटीत, इन्स्टाग्रामवर फुकट विकून पाहा. वीस अनोळखी माणसांनी पैसे आधी दिले, तर वस्तूत दम आहे. मग थोडी जाहिरात, आणि प्रत्येक शंभर ऑर्डरींनंतर वर दिला तसा तक्ता. दुसऱ्या-तिसऱ्या शंभरालाही तोटाच दिसत असेल तर वस्तू बदला, जाहिरात नव्हे.

एखादी वस्तू नेमाने खपू लागली की तिचे पन्नास नग घरात आणून ठेवा, असं मी सुचवेन. हे मग ड्रॉपशिपिंग राहत नाही, पण दर उतरतो, खोका तुमच्या मनासारखा होतो, पार्सल त्याच दिवशी निघतं. टिकलेले बरेच जण शेवटी याच वाटेने जातात. उलटा मार्गही आहे: तुमच्या गावात बचत गट चांगल्या गोधड्या किंवा पितळी दिवे बनवत असेल, तर तुम्हीच सप्लायर व्हा आणि जाहिरातीची डोकेदुखी दुसऱ्यांवर सोडा.

थांबायचं ठरलं तर

वेबसाइट बंद केली की धंदा बंद झाला, असं नसतं. दुकानाच्या ॲपचं आणि जाहिरातीचं ऑटो-पे बँकेच्या ॲपमधून रद्द करा. नुसतं ॲप काढून टाकल्याने कपात थांबत नाही. वाटेतली पार्सलं आणि परताव्याच्या तक्रारी संपेपर्यंत फोन चालू ठेवा. कुरियरच्या वॉलेटमधली शिल्लक आणि सीओडीची शेवटची रक्कम मागून घ्या. जीएसटी क्रमांक रद्द करायचा अर्ज पोर्टलवर द्या, आणि तो मंजूर झाला की तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरा. हे शेवटचं काम बहुतेकांचं राहून जातं आणि नोटीस वर्षभराने, जुन्या ईमेलवर येते. तो ईमेल आणि नोंदणीचा मोबाइल नंबर तोवर बंद करू नका.